दोन हातांना पुरेल एवढीच प्रसिद्धी

सप्रेम नमस्कार.

मी ऐरोलीत राहते, वय ४६. गोधडी घालायला मला सासूबाईंनी शिकवले. गेल्या दोन वर्षांपासून लोकांनी आणून दिलेल्या जुन्या साड्यांच्या गोधड्या आणि बाळांची दुपटी मी हाताने शिवून देते. एका मोठ्या गोधडीला रोज साडेतीन-चार तास बसून बारा दिवस लागतात, त्यामुळे महिन्याला दोन मोठ्या गोधड्या आणि चार दुपटी एवढेच काम होते. मोठ्या गोधडीचे मी २,२०० रुपये घेते. भाचीने इन्स्टाग्रामवर पेज काढून दिले आहे. त्याला साडेसहाशे फॉलोअर आहेत, पण त्यांतले बरेचसे नातेवाईक आणि ओळखीचेच. पावसाळ्यात एक रील १८,००० वेळा पाहिले गेले, ‘प्राइस प्लीज’ असे पुष्कळ मेसेज आले, पण एकही ऑर्डर पक्की झाली नाही. भाची म्हणते, रोज एक रील टाकायलाच हवे. एका माणसाने फोन करून काही हजार रुपयांत दहा हजार फॉलोअर मिळवून देतो असे सांगितले. शेजारच्या बाई सुचवतात की बाळांविषयी व्हिडिओ करणाऱ्या एखाद्या प्रसिद्ध मुलीला दुपटे भेट द्यावे, म्हणजे आपोआप नाव होईल. रोज रील करत बसले तर शिवणार कधी? पैसे खर्च करावेत का आणि करायचे तर कशावर? भाची मनापासून धडपडते आहे, तिला नाही कसे म्हणू?

— एक वाचक, ऐरोली

ताई,

तुमचे पत्र वाचताना माझी नजर अठरा हजारांवर फार वेळ टिकली नाही. ती दोन गोधड्या आणि चार दुपटी या आकड्यांपाशी थांबली. महिन्याला सहा ग्राहक मिळाले की तुमचे हात भरले. वर्षाचे झाले सत्तर-बहात्तर. ठाण्यापासून वाशीपर्यंतच्या पट्ट्यात, कपाटाच्या वरच्या खणात आईच्या किंवा आजीच्या साड्या जपून ठेवलेली आणि त्यांचे काय करावे हे न सुचणारी एवढी घरे नक्कीच आहेत. त्यामुळे प्रसिद्धीचा विचार करताना ‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत कशी पोहोचू’ हा प्रश्न तुम्ही बाजूला ठेवावा आणि ‘या सत्तर घरांना माझा भरवसा कसा वाटेल’ एवढाच प्रश्न धरून बसावे, असे मला मनापासून वाटते. रोजच्या रीलपासून विकतच्या फॉलोअरपर्यंत तुम्हाला मिळालेले बहुतेक सल्ले कारखान्यात माल तयार करणाऱ्यांच्या उपयोगाचे आहेत. त्यांच्याकडे मागणी दुप्पट झाली तर माल दुप्पट निघतो. तुमच्याकडे मागणी दुप्पट झाली तर तारखा चुकतील, टाके मोठे पडतील आणि मान आखडेल.

प्रसिद्धीच्या आधी किमतीचा हिशेब करणे भाग आहे, कारण किंमत चुकीची असेल तर प्रसिद्धी जितकी वाढेल तितका तोटाच वाढतो. तुम्ही सांगता त्यानुसार एका मोठ्या गोधडीला सुमारे ४५ तास लागतात. दोरा, अस्तर, कमी पडल्यास घालायचे नवे सुती कापड, साड्यांची धुलाई आणि जाण्यायेण्याचा खर्च मिळून ४०० रुपये धरले, तर २,२०० रुपयांतून १,८०० रुपये उरतात आणि तासाला ४० रुपये पडतात. तासाला १०० रुपये धरायचे ठरवले, तर त्याच गोधडीची किंमत ४,९०० रुपये होते. हा आकडा पाहून तुम्ही दचकाल, ‘एवढे कोण देणार’ असे म्हणाल. परंतु ज्यांना थंडीसाठी पांघरूणच हवे आहे त्यांना ते दुकानात मशीनवर शिवलेले, याहून कितीतरी स्वस्त मिळते आणि त्यांनी तेच घ्यावे. तुमच्याकडे येणारी व्यक्ती स्वतःच्या घरातल्या साड्या घेऊन येते. तिला त्या साड्यांचे काहीतरी टिकाऊ झालेले हवे असते आणि त्याची बाजारातल्या पांघरुणाशी ती तुलना करत नाही. ज्यांचे काम आधीच स्वीकारले आहे त्यांना जुनाच भाव द्या, नव्या कामासाठी दर टप्प्याटप्प्याने वाढवा आणि दुपट्यांचाही असाच तासांचा हिशेब मांडा.

हा दर ठरला की तो उघडपणे लिहा. ‘प्राइस प्लीज’ असे विचारणाऱ्याला ‘डीएम करा’, म्हणजे खासगी मेसेज पाठवा, असे उत्तर देण्याची जी रीत पडली आहे, ती लहान उद्योगाचे नुकसान करते, असे माझे स्पष्ट मत आहे. जिला परवडणार आहे ती दोनदा विचारण्याचा कंटाळा करून निघून जाते आणि जिला परवडणार नाही तिच्याशी बोलण्यात तुमची दुपार जाते. सिंगल, डबल आणि बाळाचे दुपटे अशी तीन मापे, प्रत्येकाची लांबी-रुंदी, किती साड्या लागतील, किती दिवस लागतील आणि किंमत, हे सगळे एका स्वच्छ चित्रात मराठीत लिहून ती पोस्ट पेजवर सर्वांत वर पिन करा. इन्स्टाग्रामवर अशा तीन पोस्ट पिन करता येतात. दुसरी पोस्ट साड्या कशा पोहोचवायच्या याची असावी आणि तिसरीत एका गोधडीची सुरुवातीपासून शेवटपर्यंतची हकिकत असावी. तुमच्या पेजवर पहिल्यांदाच येणाऱ्या माणसाला या तीन गोष्टींतच बहुतेक उत्तरे मिळतील.

आता त्या अठरा हजारांकडे येऊ. तुमचे पेज प्रोफेशनल खात्यात बदललेले नसेल तर ते बदलून घ्या. त्याला पैसे पडत नाहीत. मग त्यानंतर टाकलेल्या प्रत्येक रीलखाली ‘इनसाइट्स’ दिसू लागतात. रील किती जणांनी साठवून ठेवले, किती जणांनी दुसऱ्याला पाठवले हे तिथे कळते आणि पेजचे प्रेक्षक मुख्यतः कोणत्या शहरांतले आहेत हेही कळते. त्यात दिल्ली, इंदूर, लखनौ अशी नावे वर असतील, तर ऑर्डर का आली नाही याचे अर्धे उत्तर मिळाले, कारण तुमचे काम ग्राहकाने साड्या हातात दिल्याशिवाय सुरूच होत नाही. उरलेले अर्धे उत्तर मला अधिक महत्त्वाचे वाटते. रील पाहणाऱ्या बाईला गोधडी आवडलेली असते, पण लगेच तिच्या मनात येते की माझ्या आईची साडी या अनोळखी बाईंच्या हाती कशी देऊ, ती हरवली तर काय करू, कापल्यावर मनासारखे झाले नाही तर काय होईल. गाणे लावून केलेल्या तीस सेकंदांच्या सुंदर रीलमध्ये यातल्या एकाही शंकेचे उत्तर नसते.

म्हणून तुमच्या व्हिडिओंचा विषय बदला. तयार गोधडी अंगणात फडकते आहे, असे चित्र वर्षातून दोनदा पुरे. त्याऐवजी साड्या आल्यावर तुम्ही काय करता ते दाखवा. पिशवी उघडून प्रत्येक साडी वेगळी ठेवलेली, तिला नावाची चिठ्ठी टाचलेली, कापण्यापूर्वी तिचा फोटो काढून ग्राहकाला पाठवलेला आणि ‘हा पदर मध्यभागी घेऊ का’ असे विचारलेले दाखवा. विरलेला भाग उजेडासमोर धरला की कसा दिसतो, तो का बाजूला काढावा लागतो, हे तुमच्याच आवाजात सांगा. दुपट्यासाठी जरीचा काठ उसवून काढताना सांगा की जरीची तार बाळाच्या अंगाला टोचते. काढलेले काठ आणि उरलेले तुकडे एका पिशवीत घालून तुम्ही परत देता का? देत नसाल तर आजपासून द्या आणि ती पिशवी बांधतानाही दाखवा. आईची साडी सुरक्षित राहील की नाही, या शंकेला यापेक्षा नेमके उत्तर मला सुचत नाही. थर अंथरून कच्चे टाके घालणे, कडेपासून आत येणाऱ्या धावदोऱ्याच्या ओळी आणि गोधडी उलटी करून मागच्या बाजूने दिसणारे टाके हेही दाखवावे, कारण हातकामाची पारख असलेला माणूस आधी उलटी बाजू पाहतो.

आवाज तुमचाच असू द्या, हे मी मुद्दाम पुन्हा सांगते. प्रोफेशनल खाते ‘बिझनेस’ प्रकारचे असेल तर त्याला इन्स्टाग्रामवर चित्रपटगीतांचा साठा तसाही मर्यादितच मिळतो, आणि दोरा कापडातून ओढला जातो तो आवाज व त्यावर तुमचे दोन वाक्यांचे बोलणे कोणत्याही गाण्यापेक्षा जास्त विश्वास देते. मजकूर मराठीत लिहा, मात्र ‘गोधडी’, ‘दुपटे’, ‘जुन्या साडीची गोधडी’, ‘ऐरोली’, ‘ठाणे’, ‘नवी मुंबई’ हे शब्द देवनागरीबरोबर रोमन लिपीतही घाला, कारण पुष्कळजण मराठी शब्दच रोमन अक्षरांत टाइप करून शोधतात. पेजच्या नावाखालच्या बायोमध्ये १५० अक्षरे मावतात. त्यांत कविता न लिहिता काम, गाव आणि साड्या कुठे घेता एवढे लिहिले तरी चालेल.

फोटोंविषयी थोडक्यात सांगते. सकाळी खिडकीशी, घरातले दिवे बंद करून काढा. ट्यूबलाइट आणि ऊन एकत्र आले की साडीचा रंग खोटा दिसतो आणि ‘फोटोत वेगळी होती’ ही तक्रार तिथूनच सुरू होते. प्रत्येक गोधडीचे चार फोटो पुरेत: पूर्ण पलंगावर पसरलेली, घडी घातलेली, टाक्यांचा अगदी जवळून आणि आधीच्या साड्यांचा. ग्राहकाचे बाळ दुपट्यावर झोपलेले असेल तर तो फोटो आईवडिलांच्या लेखी परवानगीशिवाय टाकू नका आणि परवानगी मिळाली तरी बाळाचे नाव लिहू नका.

रोज रील टाकायची काहीही गरज नाही. एका गोधडीच्या कामातून साड्या येणे, निवड, थर, टाके आणि सुपूर्द करणे असे चार-पाच लहान व्हिडिओ सहज निघतात. काम करताना फोन एका स्टँडवर लावून ठेवायचा आणि आठवड्यातून एकदा बसून दोन तुकडे तयार करायचे. प्रोफेशनल खात्यात पोस्टला आधीच दिवस व वेळ लावून ठेवता येते, त्यामुळे ऐन कामाच्या दिवशी फोन हातात घ्यावा लागत नाही. आठवड्याला दोन रील दोन वर्षे न चुकता टाकणारी कारागीर, महिनाभर रोज टाकून दमून थांबणाऱ्या कारागिरापेक्षा लोकांच्या लक्षात राहते.

तुमचा खरा बाजार इन्स्टाग्रामपेक्षाही तुमच्या दाराशी आहे. ऐरोली ठाणे–वाशी ट्रान्स-हार्बर मार्गावर आहे, ही तुमच्यासाठी मोठी सोय आहे. ‘आठवड्यातून एका ठरावीक संध्याकाळी ऐरोली स्टेशनवर तिकीट खिडकीजवळ साड्या घेते’ एवढी एक सूचना पेजवर आणि व्हॉट्सॲपवर लिहिली, तर ठाणे, घणसोली, कोपरखैरणे, वाशी इथल्या नोकरी करणाऱ्या बायकांना घरी परतताना दहा मिनिटे थांबून साड्या देता येतील. कुरिअरच्या भीतीने मागे हटणारी ग्राहक अशा वेळी तयार होते, कारण तिने तुम्हाला समोर पाहिलेले असते. घरचा पत्ता सर्वांना दिसेल असा कुठेही लिहू नका. गुगलवर व्यवसायाची मोफत नोंद करतानाही पत्ता झाकून केवळ सेवेचा परिसर दाखवण्याची सोय आहे. ती वापरा, म्हणजे ‘ऐरोलीत गोधडी कोण शिवते’ असे शोधणाऱ्याला तुमचे नाव सापडण्याची शक्यता वाढेल.

फोनवर व्हॉट्सॲप बिझनेस घ्या आणि त्यातल्या कॅटलॉगमध्ये त्याच तीन मापांची माहिती भरा. नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे एकदा लिहून साठवली की एका खुणेवर ती पाठवता येतात. सोसायटीच्या, शाळेच्या किंवा भिशीच्या ग्रुपवर टाकायचे असेल तर आधी ॲडमिनला विचारा आणि महिन्यातून एकदाच टाका. रोज ‘शुभ सकाळ’बरोबर गोधडीचा फोटो आला की चांगले कामही लोकांना नकोसे होते. ब्रॉडकास्टने, म्हणजे एकाच वेळी अनेकांना, पाठवलेला मेसेज ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलेला आहे त्यांनाच मिळतो, त्यामुळे गोधडी सुपूर्द करताना ‘माझा नंबर सेव्ह करून ठेवा’ असे आवर्जून सांगा. गोधडीबरोबर एक लहान कार्ड द्या: एका बाजूला धुण्याची सूचना, दुसऱ्या बाजूला तुमचा नंबर. महिन्याभराने फोन करून गोधडी कशी आहे ते विचारा आणि समाधानी असतील तर दोन ओळी लिहून मागा. एका घरात डोहाळजेवणाला किंवा बारशाला दुपटे भेट गेले की तिथे जमलेल्या बायकांतून पुढचे काम येते. हे तुमच्या सासूबाईंच्या काळीही असेच चालत असणार आणि आजही यापेक्षा खात्रीचा मार्ग मला ठाऊक नाही.

प्रदर्शनाविषयी तुम्ही विचारले नाही, तरी सांगावेसे वाटते. दिवाळीपूर्वी ठाण्यात नौपाड्याच्या परिसरातल्या सभागृहांत हस्तकलेची प्रदर्शने लागतात आणि सीबीडी बेलापूरला सिडकोचे अर्बन हाट आहे. स्टॉल घेण्याआधी एकदा नुसते ग्राहक म्हणून फिरून या, कोणत्या वेळी कसली गर्दी असते ते पाहा आणि शेजारच्या स्टॉलवाल्यांना भाडे वसूल होते का ते विचारा. स्टॉल घेतलाच तर विकायला ढीग नेण्याची तुम्हाला गरज नाही, आणि तेवढा माल तुमच्याकडे असणारही नाही. अर्धवट झालेली एक गोधडी घेऊन तिथे शिवत बसा. लोक थांबतात, टाक्यांवर हात फिरवतात, ‘माझ्या आईच्या साड्या आहेत’ असे आपणहून बोलू लागतात. त्या वेळी वहीत त्यांचे नाव आणि नंबर त्यांच्या संमतीने लिहून घ्या.

काम स्वीकारण्याची पद्धतही प्रसिद्धीचाच भाग आहे. साड्यांची संख्या, प्रत्येकीचा फोटो, ठरलेले माप, तारीख आणि रक्कम लिहिलेली पावती द्या आणि निम्मी रक्कम आगाऊ घ्या, कारण एकदा कापलेली साडी पुन्हा साडी होत नाही आणि हे ग्राहकालाही लिहून दिलेले बरे. महिन्याच्या सहा जागा भरल्या की ‘डिसेंबरची नोंदणी पूर्ण झाली, जानेवारीसाठी नावे घेत आहे’ असे स्टेटसवर लिहा. थंडीच्या तोंडावर जास्त विचारणा येते, म्हणून गणपतीनंतर लगेच ही सूचना द्यायला लागा.

फॉलोअर विकणाऱ्या माणसाला मात्र ठामपणे नकार द्या. ते दहा हजार फॉलोअर बहुधा बनावट खाती असतात, त्यांतले कोणीही साडी घेऊन ऐरोलीला येणार नाही. शिवाय इन्स्टाग्रामच्या नियमांत हा प्रकार बसत नाही, आणि पेजवर मोठी संख्या असूनही प्रतिसाद शून्य दिसला की खऱ्या ग्राहकाच्या मनात संशय येतो. अशा व्यक्तीला पासवर्ड तर कधीच देऊ नका.

शेजारच्या बाईंची सूचना तितकी वाईट नाही, पण आत्ता ती घाईची आहे. तुमचे एक दुपटे म्हणजे दहा तासांचे काम असेल, तर ती भेट फुकट नव्हे. ती जाहिरातीवरची रक्कमच आहे. पुढे कधी अशी भेट द्यावीशी वाटली, तर लाखो फॉलोअर असलेल्या मुलीपेक्षा ठाणे-नवी मुंबईतच राहणारी, मराठीत बोलणारी आणि खरोखरच बाळ असलेली आई निवडा. जाहिरातींवर लक्ष ठेवणाऱ्या जाहिरात मानक परिषदेने (एएससीआय) २०२१ साली आणि केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, भेट किंवा पैसे घेऊन एखाद्या वस्तूची शिफारस करणाऱ्याने ते स्पष्टपणे सांगणे अपेक्षित आहे. त्यामुळे ‘हे मला भेट मिळाले आहे’ असे तिने म्हणावे, ही अट तुम्हीच घाला. खरे सांगितल्याने तुमच्या कामाला काहीही कमीपणा येत नाही.

पैसे भरून पोस्ट जास्त लोकांपर्यंत पोहोचवण्याचा, म्हणजे बूस्टचा उपयोग आहे, पण तो जागा रिकाम्या असतील तेव्हाच. एप्रिल-मेमध्ये काम कमी होते असे दिसले, तर ज्या पोस्टला आसपासच्या लोकांनी सर्वांत जास्त साठवून ठेवले आहे ती घ्या, परिसर ठाणे आणि नवी मुंबई एवढाच निवडा, बटण व्हॉट्सॲपला जोडा आणि एका दुपट्याच्या कमाईपेक्षा जास्त रक्कम घालू नका. त्या रकमेवर १८ टक्के जीएसटी लागतो, तोही धरा. आलेल्या प्रत्येक विचारणेपुढे ती कुठून आली ते वहीत लिहा. दोन गोधड्यांचे काम मिळाले तर पुढच्या वर्षी पुन्हा करा, नाही तर तो खर्च थांबवा.

ऑनलाइन विकणाऱ्या बायकांना वारंवार गाठणाऱ्या एका फसवणुकीची माहिती तुम्हाला असायलाच हवी. एखादा माणूस लष्करात असल्याचे सांगून, भाव न करता मोठी ऑर्डर देतो, ‘आमच्याकडची पैसे देण्याची पद्धत वेगळी आहे’ असे सांगून क्यूआर कोड पाठवतो आणि तो स्कॅन करून पिन टाकायला लावतो. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे तुमच्याच खात्यातून जातात. असे घडलेच तर क्षणाचाही विलंब न करता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. पेज भाचीच्या ईमेलवर आणि नंबरवर उघडलेले असेल तर ते तुमच्या नावावर करून घ्या, दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा आणि सगळ्या ग्राहकांचे नंबर वहीतही ठेवा, म्हणजे खाते कधी बंद पडले तरी माणसे हातची जाणार नाहीत. लहान उद्योगांसाठीची सरकारची उद्यम नोंदणी मोफत आहे, आधार क्रमांकावर घरबसल्या होते. तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या संकेतस्थळांपासून दूर राहा. राज्याबाहेर गोधड्या पाठवण्याची वेळ आली, तर जीएसटीविषयी तेवढ्यापुरता सीएचा सल्ला घ्या.

राहिला भाचीचा प्रश्न. तिला नाही म्हणू नका. तिच्या हौसेला नेमके काम द्या. रविवारी तासभर बसून आठवड्याचे दोन व्हिडिओ कापायचे, त्यांना वेळ लावायची आणि इनसाइट्समधले आकडे वहीत उतरवायचे, एवढे तिच्याकडे सोपवा. काय दाखवायचे हे मात्र तुम्ही ठरवा, कारण कोणत्या साडीचा कोणता भाग का काढला हे तुम्हालाच माहीत आहे. गोधडीची किंमत ठरवताना खर्चात भाचीचे दोनशे रुपये वेगळे धरा आणि गोधडी सुपूर्द झाली की त्याच दिवशी तिला द्या. घरातले माणूस म्हणून तिला संकोच वाटेल, पण ते घ्यायला लावा. तिच्याही तासांचा हिशेब तुमच्याच वहीत असला पाहिजे.